जेम्स वॉट

जेम्स वॉट (१९ जानेवारी १७३६ – २५ ऑगस्ट १८१९) हे स्कॉटलंडमधील उपकरणकार, अभियंते व संशोधक होते. जन्मतारीख त्या काळी ब्रिटनमध्ये रूढ असलेल्या ज्युलियन कालगणनेनुसार आहे. ग्रेगोरियन कालगणनेनुसार ती ३० जानेवारी १७३६ अशी येते. वाफेच्या इंजिनातील स्वतंत्र संघनक, दुहेरी क्रियेचे सिलिंडर, समांतर गतीची जोडणी आणि इंजिनाचा वेग आपोआप राखणाऱ्या गतिनियंत्रकाचा वापर यांसाठी ते प्रसिद्ध आहेत. शक्तीच्या आंतरराष्ट्रीय एककास त्यांचे नाव देण्यात आले आहे.

वॉट यांचा उल्लेख अनेकदा वाफेच्या इंजिनाचे जनक असा केला जातो. प्रत्यक्षात त्यांच्या जन्मापूर्वी दोन तपे ब्रिटनमधील खाणींत वाफेची इंजिने चालू होती. वॉट यांच्यासमोर इंजिन प्रथम आले ते दुरुस्तीसाठी. ते का नीट चालत नाही याचा त्यांनी मोजमापाने शोध घेतला, त्यातील एकेक भाग बदलला आणि अखेरीस त्यावर नियंत्रण बसवले. अस्तित्वात असलेल्या यंत्राचे दोष ओळखून त्याला कमी इंधनात, एकसारख्या वेगाने व सुरक्षितपणे चालते करणे हे त्यांच्या कार्याचे मुख्य सूत्र होते.

बालपण व शिक्षण

वॉट यांचा जन्म स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील ग्रीनॉक या बंदरगावी झाला. त्यांचे वडील, ज्यांचे नावही जेम्स वॉट असेच होते, जहाजबांधणी, जहाजांच्या साधनांची दुरुस्ती व व्यापार करीत. या व्यापाराचा संबंध वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या मळ्यांच्या अर्थव्यवस्थेशीही होता. आई अ‍ॅग्नेस म्यूरहेड सुशिक्षित घराण्यातील होत्या. आजोबा टॉमस वॉट गणित व सर्वेक्षण शिकवीत असत.

प्रकृती नाजूक असल्यामुळे वॉट यांचे सुरुवातीचे शिक्षण बरेचसे घरीच आईकडे झाले. नंतर ते ग्रीनॉकच्या शाळेत गेले. भाषांपेक्षा गणितात त्यांची गती अधिक होती. वडिलांच्या कार्यशाळेत त्यांना स्वतःचा बाक व हत्यारे मिळाली होती. जहाजांवरील होकायंत्रे व कोनमापक यांची रचना त्यांनी तेथेच समजून घेतली. तीव्र डोकेदुखीचा विकार त्यांना लहानपणापासून जडला आणि आयुष्यभर टिकला.

आईच्या निधनानंतर वडिलांच्या व्यवसायालाही उतरती कळा लागली. गणिती उपकरणे बनवण्याचा व्यवसाय शिकण्यासाठी वॉट १७५५ मध्ये लंडनला गेले. तेथील नियमानुसार या व्यवसायासाठी सात वर्षांची उमेदवारी करावी लागे. वॉट यांनी जॉन मॉर्गन या कारागिराकडे शुल्क भरून सुमारे एका वर्षात आवश्यक तेवढे काम शिकून घेतले. अतिश्रम व अपुऱ्या आहारामुळे प्रकृती खालावल्याने १७५६ मध्ये ते स्कॉटलंडला परतले.

ग्लासगो विद्यापीठातील कार्यशाळा

पूर्ण उमेदवारी न केल्यामुळे ग्लासगो शहरात स्वतंत्र दुकान काढणे वॉट यांना अवघड होते. याच सुमारास जमैकातील एका व्यापाऱ्याने ग्लासगो विद्यापीठाला मृत्युपत्राद्वारे दिलेली खगोलशास्त्रीय उपकरणे तेथे येऊन पोहोचली. समुद्रप्रवासात ती खराब झाली होती. ती स्वच्छ करून दुरुस्त करण्याचे काम वॉट यांना मिळाले व त्यांनी ते उत्तम रीतीने पार पाडले. १७५७ मध्ये विद्यापीठाने त्यांना आपल्या आवारात कार्यशाळेसाठी जागा दिली. विद्यापीठाचे उपकरणकार म्हणून काम करताना ते बाहेरच्या ग्राहकांसाठीही वस्तू बनवीत. स्वतःला सुरांची विशेष जाण नसतानाही त्यांनी ध्वनिशास्त्राची माहिती मिळवून ऑर्गन हे वाद्य तयार केले होते.

विद्यापीठात त्यांचा रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक व तरुण अभ्यासक जॉन रॉबिसन यांच्याशी स्नेह जुळला. अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथ हेही त्या वेळी तेथे अध्यापन करीत होते. कारागिराच्या हाताचे कौशल्य आणि विद्यापीठातील वैज्ञानिक चर्चा ही दोन्ही एकाच ठिकाणी लाभणे हे वॉट यांच्या पुढील कार्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले.

न्यूकोमेन इंजिनाच्या नमुन्याची दुरुस्ती

टॉमस न्यूकोमेन यांनी १७१२ मध्ये इंग्लंडमधील डडलीजवळ खाणीतील पाणी उपसण्यासाठी वाफेचे इंजिन उभारले होते. त्यात सिलिंडरमध्ये वाफ भरली की तिच्यावर थंड पाण्याचा फवारा सोडला जाई. वाफेचे पाणी होऊन सिलिंडरमध्ये निर्वात निर्माण होई आणि बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्याला खाली ढकली. दट्ट्याला जोडलेल्या मोठ्या तुळईचे दुसरे टोक त्यामुळे वर उचलले जाऊन पंप चाले. ही इंजिने विश्वसनीय होती, परंतु त्यांना प्रचंड कोळसा लागे. कोळशाच्या खाणींना ते परवडत असे, इतरत्र नाही.

ग्लासगो विद्यापीठाकडे अध्यापनासाठी या इंजिनाचा एक छोटा नमुना होता. तो लंडनच्या कारागिराकडे दुरुस्तीस पाठवूनही नीट चालत नव्हता. १७६३-६४ च्या हिवाळ्यात तो वॉट यांच्याकडे आला. त्यांनी तो चालता केला. पण काही फेऱ्या झाल्या की वाफ संपून नमुना थांबे. बॉयलर तर सिलिंडरच्या मानाने पुरेसा मोठा दिसत होता. नेहमीच्या दुरुस्तीची मर्यादा येथे संपली होती, कारण मोडलेला असा कोणताच भाग शिल्लक नव्हता.

वॉट यांनी मग वाफेचा हिशेब मांडला. वाफेचे आकारमान पाण्याच्या किती पट असते, प्रत्येक फेरीला किती वाफ लागते आणि फवाऱ्याचे पाणी किती तापते, हे त्यांनी मोजले. चहाच्या किटलीचा बॉयलरसारखा उपयोग करून त्यांनी वाफ थंड पाण्यात सोडली. पाण्याची वाफ झाल्यावर ती स्वतःच्या वजनाच्या सुमारे सहापट थंड पाणी उकळण्याच्या तापमानापर्यंत नेऊ शकते, असे त्यांना आढळले. या आश्चर्यकारक निष्कर्षाचे स्पष्टीकरण ब्लॅक यांच्याकडून मिळाले: त्यांनी काही वर्षांपूर्वीच सुप्त उष्णतेचा शोध लावला होता.

यातून इंजिनाचा मूळ दोष उघड झाला. प्रत्येक फेरीला सिलिंडर थंड पाण्याने गार होई आणि पुढच्या फेरीत आत येणारी वाफ प्रथम त्याच्या भिंती तापवण्यातच खर्च होई. नमुन्यातील वाफेच्या सुमारे तीन-चतुर्थांश उष्णतेचा असा अपव्यय होत होता. लहान नमुन्यात सिलिंडरच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग अधिक असल्यामुळे हा दोष अधिक ठळकपणे दिसला. मोठ्या इंजिनांत तो होताच, पण झाकलेला राहिला होता.

स्वतंत्र संघनक

सिलिंडर सतत उष्ण ठेवणे आणि वाफ मात्र थंड करणे या दोन परस्परविरोधी गरजा होत्या. १७६५ च्या मे महिन्यात ग्लासगो ग्रीन या मैदानावर फिरत असताना त्यावरील उपाय वॉट यांना सुचला. वाफ सिलिंडरमध्ये थंड न करता त्याला जोडलेल्या दुसऱ्या, कायम थंड ठेवलेल्या पात्रात नेऊन थंड करावी, अशी ही कल्पना होती. हे पात्र म्हणजेच स्वतंत्र संघनक. त्यात साचणारे पाणी व हवा काढून टाकण्यासाठी पंपाची योजना त्यांनी केली. सिलिंडरचे वरचे तोंड बंद करून त्याभोवती वाफेचे आवरण ठेवावे, म्हणजे तो गार होणार नाही, हाही त्याच कल्पनेचा भाग होता.

लहान नमुन्यावर कल्पना लगेच सिद्ध झाली, परंतु पूर्ण आकाराचे इंजिन तयार होण्यास दहाहून अधिक वर्षे लागली. दट्ट्या सिलिंडरमध्ये घट्ट बसेल इतके अचूक धातुकाम त्या काळी सहज उपलब्ध नव्हते. उद्योगपती जॉन रोबक यांनी वॉट यांचे कर्ज फेडून त्या बदल्यात शोधातील दोन-तृतीयांश हिस्सा घेतला. ५ जानेवारी १७६९ रोजी पेटंट मिळाले. तथापि रोबक यांच्या किनील येथील जागेत उभारलेले इंजिन समाधानकारक चालले नाही. उपजीविकेसाठी वॉट यांना कालव्यांचे सर्वेक्षण करावे लागले. १७७३ मध्ये रोबक यांचे दिवाळे निघाले. त्याच वर्षी वॉट यांच्या पत्नीचेही निधन झाले.

बोल्टन यांच्याशी भागीदारी

रोबक यांचा पेटंटमधील हिस्सा बर्मिंगहॅमचे उद्योजक मॅथ्यू बोल्टन यांनी आपल्या येण्याच्या मोबदल्यात घेतला. १७७४ मध्ये वॉट बर्मिंगहॅमला स्थायिक झाले. बोल्टन यांच्या सोहो कारखान्यात कुशल कारागीर होते, आणि याच सुमारास जॉन विल्किन्सन यांनी तोफा कोरण्यासाठी विकसित केलेल्या यंत्रामुळे सिलिंडर अचूक कोरणे शक्य झाले. १७७५ मध्ये संसदेने कायदा करून पेटंटची मुदत १८०० पर्यंत वाढवली. १७७६ मध्ये पहिली दोन व्यापारी इंजिने चालू झाली: एक टिप्टनजवळील कोळसा खाणीत पाणी उपसण्यासाठी आणि दुसरे विल्किन्सन यांच्या लोखंडाच्या कारखान्यात भट्टीला हवा पुरवण्यासाठी.

सुरुवातीच्या काळात बोल्टन व वॉट यांची पेढी पूर्ण इंजिन बनवून विकत नसे. पेढी आराखडे देई, झडपांसारखे नाजूक भाग सोहो येथून पाठवी आणि जुळणीवर देखरेख ठेवण्यासाठी माणूस देई. सिलिंडर बहुधा विल्किन्सन यांच्याकडून येई. उरलेले साहित्य ग्राहकाने जमवायचे आणि स्थानिक सुतार, गवंडी व लोहार यांच्या मदतीने इंजिन उभारायचे, अशी पद्धत होती. त्यासाठी जुळणीच्या व देखभालीच्या सूचनांची छापील पुस्तिकाही पेढीने काढली होती. यंत्र चालवणाऱ्याला त्याची रचना समजलीच पाहिजे, ही गरज या व्यवस्थेतूनच निर्माण झाली.

मोबदल्याची पद्धतही नवी होती. जुन्या न्यूकोमेन इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा एक-तृतीयांश भाग पेढीला द्यावयाचा असे. हिशेबासाठी इंजिनाच्या तुळईवर फेऱ्या मोजणारे यंत्र कुलूपबंद पेटीत बसवले जाई. कॉर्नवॉलमधील तांबे व कथील यांच्या खाणींना कोळसा समुद्रमार्गे आणावा लागत असल्याने तेथे या इंजिनांचा झपाट्याने प्रसार झाला. मात्र बचतीतील हा वाटा वर्षानुवर्षे देणे खाणमालकांना जाचक वाटू लागले आणि त्यातून पुढे कडवट वाद निर्माण झाले.

फिरत्या गतीची इंजिने

पंपाला वर-खाली गती पुरेशी असते; गिरणीला चाक फिरवावे लागते. बोल्टन यांच्या आग्रहामुळे वॉट या प्रश्नाकडे वळले. साध्या भुजादंडाचा, म्हणजे क्रँकचा, अशा इंजिनातील वापर दुसऱ्याच्या पेटंटमध्ये अडकला होता. म्हणून १७८१ मध्ये वॉट यांनी इतर पर्यायांचे पेटंट घेतले. त्यांपैकी सूर्य व ग्रह यांच्या गतीसारखी दंतचक्रांची जोडणी प्रत्यक्षात वापरली गेली. या जोडणीचे श्रेय त्यांचे सहकारी विल्यम मर्डॉक यांना अनेक अभ्यासक देतात.

१७८२ मध्ये दुहेरी क्रियेच्या इंजिनाचे पेटंट झाले. यात वाफ दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने सोडली जाई, त्यामुळे एकाच सिलिंडरपासून जवळजवळ दुप्पट काम मिळे. आता दट्ट्या तुळईला नुसता ओढत नव्हता, ढकलतही होता. म्हणून साखळीऐवजी ताठ दांडा आवश्यक झाला. तुळईचे टोक कंसात फिरते आणि दट्ट्याचा दांडा सरळ रेषेत चालतो. या दोहोंची सांगड घालणारी समांतर गतीची जोडणी वॉट यांनी १७८४ मध्ये योजली. आपल्या सर्व शोधांत त्यांना याच जोडणीचा विशेष अभिमान होता.

इंजिन घोड्यांची जागा घेणार असल्याने ग्राहकांना त्याची क्षमता घोड्यांच्या भाषेत सांगणे सोयीचे होते. मिनिटाला ३३,००० फूट-पौंड कार्य म्हणजे एक अश्वशक्ती, हे मान वॉट यांनी रूढ केले. आजच्या एककात ते सुमारे ७४६ वॅट इतके होते.

नियंत्रण साधने

पाणी उपसणाऱ्या इंजिनाचा वेग थोडा कमी-अधिक झाला तरी फारसे बिघडत नाही. सूतकताई किंवा दळण यांत मात्र वेग बदलला की माल खराब होतो. भार कमी होताच इंजिन पळू लागे आणि भार वाढताच मंदावे. चालकाने झडपेवर हात ठेवून सतत उभे राहणे व्यवहार्य नव्हते.

पवनचक्क्यांत जात्याच्या पाळ्यांमधील अंतर राखण्यासाठी फिरत्या गोळ्यांचे साधन आधीपासून वापरात होते. लंडनच्या अ‍ॅल्बियन गिरणीत बोल्टन यांच्या ते पाहण्यात आले व त्यांनी वॉट यांना त्याविषयी कळवले. १७८८ मध्ये वॉट यांनी ते तत्त्व इंजिनाला लागू केले. इंजिनाच्या चाकाला जोडलेल्या उभ्या दांड्याभोवती दोन जड गोळे फिरतात. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जाऊन वर उचलले जातात. त्यांना जोडलेली तरफ वाफेच्या नळीतील झडप थोडी मिटवते. वाफ कमी मिळून वेग उतरतो. वेग कमी झाला की गोळे खाली येतात व झडप उघडते. अशा प्रकारे यंत्राचा परिणामच यंत्राच्या कारणावर उलट क्रिया करतो. या तत्त्वास ऋण प्रतिसंभरण म्हणतात.

तत्त्व जुने असल्याने वॉट यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. या गतिनियंत्रकाला मर्यादाही होत्या. भार बदलल्यावर वेग पूर्ववत न होता मूळ वेगाच्या थोडा वर किंवा खाली स्थिरावे. पुढे अधिक घर्षणरहित यंत्रे बनू लागल्यावर काही गतिनियंत्रक वेग स्थिर ठेवण्याऐवजी तो सारखा वर-खाली हेलकावत ठेवीत. या अस्थिरतेचे गणिती विश्लेषण जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये केले. नियंत्रणशास्त्राच्या इतिहासात तो निबंध मूलभूत मानला जातो.

बॉयलरसंबंधीचे कार्य

वॉट यांच्या काळातील बॉयलर लोखंडी किंवा तांब्याच्या पत्र्यांचे असत आणि त्यांतील वाफेचा दाब हवेच्या दाबाहून थोडासाच अधिक असे. त्यातही पाण्याची पातळी योग्य राखणे अत्यावश्यक होते. पाणी फार खाली गेल्यास जाळ लागणारा पत्रा उघडा पडून जळतो. फार वर गेल्यास पाणी वाफेबरोबर सिलिंडरमध्ये शिरते. बोल्टन व वॉट यांच्या बॉयलरवर पाण्यावर तरंगणाऱ्या वजनाला जोडलेली झडप वापरली जाई. पातळी उतरली की तरंगक खाली येऊन पाण्याची वाट उघडे आणि पातळी पूर्ववत झाली की ती बंद करी. दाब दाखवण्यासाठी पाऱ्याचे मापक आणि अतिरिक्त वाफ सोडण्यासाठी सुरक्षा झडप यांचाही वापर होई.

सिलिंडरमधील दाब दट्ट्याच्या प्रत्येक स्थितीत किती आहे हे कळावे म्हणून वॉट यांनी दर्शक नावाचे उपकरण बनवले. त्यांचे सहायक जॉन सदर्न यांनी त्याला सरकता कागद व पेन्सिल जोडून दाबाचा आलेख आपोआप काढण्याची सोय केली. या आलेखावरून झडपा वेळेवर उघडतात की नाही, वाफ कोठे वाया जाते, हे इंजिन न उघडता समजू लागले. पेढीने ही पद्धत दीर्घकाळ गुप्त ठेवली. भट्टीतील धूर जाळून टाकण्याच्या पद्धतीचे पेटंटही वॉट यांनी १७८५ मध्ये घेतले होते.

वाफेने खोली उबदार ठेवण्याचा प्रयोगही त्यांनी केला. १७८४-८५ च्या हिवाळ्यात त्यांनी आपल्या अभ्यासिकेत कल्हई केलेल्या लोखंडी पत्र्याची चपटी पेटी ठेवली आणि खालच्या खोलीतील बॉयलरमधून नळीने तिच्यात वाफ आणली. थंड होऊन झालेले पाणी परत बॉयलरमध्ये जाई. अपेक्षेइतकी ऊब त्यातून मिळाली नाही. मात्र बॉयलर, नळी, उष्णता देणारी पेटी व पाण्याचा परतीचा मार्ग हे पुढील काळातील घरगुती तापन यंत्रणेचे सर्व मुख्य घटक त्यात होते.

इतर शोध व वैज्ञानिक कार्य

पत्रव्यवहाराच्या प्रती हाताने उतरवण्याचा त्रास वाचवण्यासाठी वॉट यांनी प्रती काढण्याचे दाबयंत्र बनवले व १७८० मध्ये त्याचे पेटंट घेतले. विशिष्ट शाईने लिहिलेल्या पत्रावर ओलसर पातळ कागद दाबून प्रत मिळवण्याची ही पद्धत कार्यालयांत दीर्घकाळ टिकली. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ क्लोद बेर्तोले यांच्याकडून क्लोरीनने कापड विरंजित करण्याची माहिती मिळाल्यावर त्यांनी ती स्कॉटलंडमध्ये आपल्या सासऱ्यांच्या कारखान्यात वापरून पाहिली. पाणी हे मूलद्रव्य नसून संयुग आहे या निष्कर्षाच्या अग्रमानाविषयी हेन्री कॅव्हेंडिश व वॉट यांच्या समर्थकांत दीर्घ वाद झाला.

बर्मिंगहॅममधील लूनर सोसायटी या अभ्यासमंडळाचे ते सदस्य होते. १७८४ मध्ये एडिंबरोच्या व १७८५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना मिळाले.

पेटंटविषयक वाद

१७९० च्या दशकात बोल्टन व वॉट यांनी एडवर्ड बुल, जोनाथन हॉर्नब्लोअर आदी अभियंत्यांविरुद्ध पेटंटभंगाचे दावे चालवले. १७९९ मध्ये अंतिम निर्णय त्यांच्या बाजूने लागला. हॉर्नब्लोअर यांचे दोन सिलिंडरांचे संयुक्त इंजिन तत्त्वतः आशादायक होते, पण त्यातही संघनक असल्याने त्याचा विकास अडला. वॉट यांचा उच्च दाबाच्या वाफेला ठाम विरोध होता. तत्कालीन पत्रे व जोडकाम पाहता स्फोटाची त्यांची भीती अनाठायी नव्हती. परंतु १८०० मध्ये पेटंट संपल्यावर रिचर्ड ट्रेव्हिथिक यांच्या उच्च दाबाच्या इंजिनांनी रेल्वेचा मार्ग मोकळा केला. वॉट यांच्या पेटंटमुळे प्रगती मंदावली की दीर्घ संशोधनाला लागणारे भांडवल त्यामुळेच मिळाले, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत.

पेढीची इंजिने कॅरिबियन बेटांवरील गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या साखरेच्या मळ्यांनाही विकली गेली. वॉट यांच्या अलीकडील चरित्रलेखनात या बाजूची दखल घेतली जाते.

कौटुंबिक जीवन व उत्तरायुष्य

वॉट यांचा पहिला विवाह १७६४ मध्ये मार्गारेट मिलर यांच्याशी झाला. त्यांच्या पाच अपत्यांपैकी जेम्स व मार्गारेट ही दोनच प्रौढ वयापर्यंत जगली. पत्नीच्या निधनानंतर त्यांनी अ‍ॅन मॅकग्रेगर यांच्याशी विवाह केला; त्यांना ग्रेगरी व जॅनेट ही दोन मुले झाली. जॅनेट १७९४ मध्ये क्षयाने वारली. त्यानंतर वॉट यांनी डॉ. टॉमस बेडोझ यांच्यासाठी रुग्णांना वायू हुंगवण्याची उपकरणे बनवली. क्षयावर या उपचारांचा उपयोग झाला नाही. भूशास्त्राचा अभ्यासक असलेला ग्रेगरीही १८०४ मध्ये निवर्तला.

१८०० मध्ये पेटंट व भागीदारी या दोहोंची मुदत संपताच वॉट निवृत्त झाले आणि पेढी दोघा भागीदारांच्या मुलांकडे गेली. तोपर्यंत सुमारे साडेचारशे ते पाचशे इंजिने तिने उभारली होती. हँड्सवर्थ येथील आपल्या घराच्या माळ्यावर वॉट यांनी कार्यशाळा थाटली व मूर्तींच्या प्रतिकृती कोरणाऱ्या यंत्रांवर ते अखेरपर्यंत काम करीत राहिले. २५ ऑगस्ट १८१९ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. हँड्सवर्थच्या सेंट मेरी चर्चमध्ये त्यांचे दफन करण्यात आले. माळ्यावरील कार्यशाळा दीर्घकाळ तशीच बंद ठेवण्यात आली होती; १९२४ मध्ये ती सर्व वस्तूंसह लंडनच्या विज्ञान संग्रहालयात हलवण्यात आली.

आख्यायिका व वास्तव

उकळत्या किटलीचे झाकण उडताना पाहून बालपणीच वॉट यांना वाफेच्या इंजिनाची कल्पना सुचली, ही गोष्ट जगभरच्या शालेय पुस्तकांतून प्रसिद्ध झाली आहे. वॉट जन्मले तेव्हा न्यूकोमेन यांचे इंजिन चोवीस वर्षे जुने होते, त्यामुळे ही गोष्ट इंजिनाच्या शोधाचे वर्णन म्हणून ग्राह्य ठरत नाही. त्यांनी किटलीवर खरोखर प्रयोग केले, परंतु ते प्रौढपणी, वाफेतील उष्णता मोजण्यासाठी. आख्यायिकेत क्षणिक स्फूर्तीला महत्त्व मिळते. वास्तवात दुरुस्तीसाठी आलेला नमुना, काही महिन्यांची मोजमापे आणि त्यानंतर दहा-अकरा वर्षांचे अपयश व कर्ज यांतून इंजिन साकार झाले.

वारसा

वॉट यांचे इंजिन नदीच्या प्रवाहावर अवलंबून नव्हते. त्यामुळे गिरण्या शहरांत उभारता आल्या. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या सूतगिरणीपासून सुरू झालेला गिरणी उद्योगही अनेक दशके वाफेच्या शक्तीवर चालला.

त्यांचा दुसरा वारसा नियंत्रणाचा आहे. परिणाम मोजून त्यानुसार कारण बदलणारी साधने त्यांच्या आधीही होती. प्राचीन ग्रीक जलघड्याळांत तरंगक होते आणि सतराव्या शतकात कॉर्नेलिस ड्रेबेल यांनी भट्टीचे तापमान आपोआप राखण्याची युक्ती योजली होती. मात्र गतिनियंत्रकामुळे हे तत्त्व हजारो कारखान्यांत पोहोचले. थंड देशांत घरे उबदार ठेवणाऱ्या तेलाच्या बॉयलरमध्येही तेच आढळते. खोलीतील तापस्थापी ऊब कमी झाल्यावर बर्नर सुरू करतो, दुसरा नियंत्रक बॉयलरमधील पाण्याचे तापमान मर्यादेत ठेवतो आणि ज्योत न पेटल्यास सुरक्षा साधन तेलाचा पुरवठा तोडते. असा जुना नियंत्रक बदलताना कोणता भाग काय मोजतो आणि त्यानुसार काय उघडतो किंवा बंद करतो, हे प्रथम समजून घ्यावे लागते. नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ मध्ये सायबरनेटिक्स हे नाव रूढ करताना सुकाणूधारक या अर्थाच्या ग्रीक शब्दाची निवड केली. गतिनियंत्रकासाठीचा गव्हर्नर हा शब्दही त्याच मुळापासून आला आहे.

१८८२ मध्ये विल्यम सीमेन्स यांनी शक्तीच्या एककास वॉट यांचे नाव देण्याचा प्रस्ताव मांडला. १९६० पासून ते आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीचा भाग आहे. मराठीत ते सामान्यतः वॅट असे लिहिले व उच्चारले जाते. बँक ऑफ इंग्लंडने २०११ मध्ये काढलेल्या ५० पौंडांच्या नोटेवर वॉट व बोल्टन या दोघांची चित्रे होती. १७७९ मध्ये कालव्याचे पाणी चढवण्यासाठी बसवलेले स्मेथविक इंजिन बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात असून, १७८८ चे गतिनियंत्रकयुक्त सोहो इंजिन लंडनच्या विज्ञान संग्रहालयात पाहावयास मिळते.